पांगाऱ्याची नोंद

पनवेल, फेब्रुवारी १९९४

अवधूत,

आता 'अहो' नाही, नावानंच लिहिते. तुझा नवा पत्ता मी कुणाला विचारणार नाही.

तू घर सोडलंस, तरी तुझा नियम कॅलेंडरवर राहिला: घरातल्या दोघांनी पाहिल्याशिवाय फुलाची, पाखराची नोंद करायची नाही. आपली लेक मिताली बघायलाच येईना. हिवाळाभर चौकोन कोरे राहिले.

काल मागचा पांगारा फुलला. भाजी घेऊन आलेल्या कमळीला मी हाताला धरून गच्चीवर नेलं.

"दर साली फुलतो. त्यात काय बगाचा?" ती म्हणाली.

मी लिहिलं, 'पांगारा फुलला. शोभा, कमळी.'

संध्याकाळी मितालीने ते वाचलं, गच्चीवर जाऊन आली आणि खाली आपलं नाव घातलं.

चौकोन लहान आहे. चौथं नाव मावणार नाही.

नोंद ठेवणारी,
शोभा