बाबांची सहा हजार पावलं

बाबा,

हॉस्पिटलमध्ये आईच्या मनगटावरून उतरवलेला तुमचा पावलं मोजायचा पट्टा टेबलावर ठेवला आहे. डॉक्टरांनी चालायला तुम्हाला सांगितलं होतं. "तूच घालून फीर गं, आकडा दिसला म्हणजे झालं," म्हणत तुम्ही तो तिच्या हातात चढवलात. तिचं हृदयाचं दुखणं तुम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशीही तुमची सहा हजार भरूनच ती जिन्यात कोसळली.

आता ती नाही, तेव्हा स्वतः चाला. एकदम सहा हजारांच्या मागे लागू नका, तुमच्याने टिकणार नाही. आठवडाभर फक्त कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत जाऊन या. तुमचे बूट मी दाराशी काढून ठेवलेत. अजून कोरेच आहेत.

गुरुवारी डॉक्टरांकडे मी सोबत नसेन, आज माझ्या घरी परतते आहे. तुमचे आकडे पाहून ते खूश आहेत. इतकं नियमित कसं जमवलंत असं विचारतील, तेव्हा तुम्हीच सांगा.