एक किलो, एक मिनिट

३ मार्च
तेहतीस मिनिटं! माझं विमान एकदा चार्ज केलं की तेहतीसच मिनिटं उडणार, आणि साहेबांना हवीत चाळीस. २२ एप्रिलपर्यंत चाळीस झाली नाहीत तर त्यात पेट्रोलचं इंजिन बसवायचं म्हणे. माझ्या विमानात! बसवून दाखवाच.

आमचा वैमानिक तर आधीच सटकला. ‘‘असल्या विजेच्या खेळण्यात मी बसणार नाही.’’ बरं झालं, चौऱ्यांशी किलोचं ओझं गेलं. आता धाकटी उडवणार. सख्खी बहीण, हातात परवाना, जीभ माझ्याहून तिखट. वजन एकसष्ट; ही तेहतीस मिनिटं तिचं वजन धरूनच.

५ मार्च
हिशेब सोपा आहे — कुठूनही एक किलो काढायचा, तेवढीच बॅटरी वाढवायची, एक मिनिट मिळतं. म्हणून रोज सकाळी धाकटी काट्यावर. मग खुर्ची. मग एकेक नट!

फिटरकाका चिडून म्हणाले, ‘‘आता रंगही खरवडून काढू का?’’ काढा म्हटलं. दोन किलो निघाला!

१४ मार्च
खुर्चीची गादी गेली. ‘‘ताई, माझ्या बुडाचा तरी विचार कर गं!’’ करणार नाही. छत्तीस मिनिटं.

२२ मार्च
धाकटी एकोणसाठ! ‘‘जेवण कमी केलंस?’’ ‘‘छे गं, धावपळ.’’ फळ्यावर आकडा लिहिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी. दोन किलो बॅटरी लगेच चढवली.

२ एप्रिल
चार दिवस ढग. छपरावरची सौर पॅनेलं नुसती पडून आहेत. साहेब हळूच म्हणाले, ‘‘जनरेटरवर चार्ज करा की. कोण बघतंय?’’

मी बघतेय! उन्हावर उडतं म्हणून सांगायचं आणि चोरून डिझेल पाजायचं? जनरेटरची किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. शोधा आता.

९ एप्रिल
सत्तावन्न. आई फोनवर — ‘‘अगं, पोरगी किती सुकलीय, जरा चेहरा बघ तिचा.’’ आईला सगळ्याच पोरी सुकलेल्या दिसतात. मी ऐंशी किलोची, मलाही तेच म्हणते!

१७ एप्रिल
छप्पन्न. तिच्या पट्ट्याला नवी दोन भोकं पाडली. आज दुपारी कॉकपिटमध्येच झोपली होती. उठवून पुन्हा काट्यावर उभं केलं. आकडा बरोबर होता.

२२ एप्रिल
एक्केचाळीस!! निव्वळ उन्हावर! साहेब घड्याळ कानाला लावून बघत होते. फिटरकाका चक्क रडले. धाकटी उतरली ती थेट साहेबांपुढे — ‘‘तुमचं पेट्रोलचं इंजिन दिवाणखान्यात ठेवा, शोभेला.’’ एवढं बोलून धावपट्टीवरच खाली बसली. दमले म्हणाली.

मी तिला हात दिला आणि म्हटलं, आता पन्नास मिनिटं.

२६ एप्रिल
धाकटीला दवाखान्यात ठेवून घेतलंय. पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? ती म्हणाली, लक्ष नव्हतं. माझं होतं. मी तारखेसकट सगळे आकडे सांगितले, अर्ध्या-अर्ध्या किलोचे.

डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, ‘‘तुम्ही यांच्या कोण?’’