परत पाठवलेली पहिली ढेप

प्रिय अक्का,

आज तुमच्या दारात आलेली ढेप मी परत पाठवली. ही बातमी दुसरं कुणी तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोहोचवायच्या आत मीच कळवावी, म्हणून लिहिते आहे. रागवायचं असेल तर खुशाल रागवा. थोरली जाऊ म्हणून तो हक्क तुमचाच होता, आणि जिवंतपणी तुम्ही तो कधी वापरलाच नाहीत.

नानाभावजींच्या गुऱ्हाळाचं चुलवाण परवा पेटलं. तुमच्यामागचा हा पहिला हंगाम. रीत मी तुम्हाला काय सांगणार! पहिल्या काहिलीचा गूळ आधी देवाला, मग गुऱ्हाळाला लागून असलेल्या घरांना एकेक लहान ढेप, आणि या ढेपा घराघरांत पोहोचल्याशिवाय गुळाची गाडी बाजाराला हलत नाही. सर्वांत आधी ढेप यायची ती तुमच्याकडे. तुम्ही हळदकुंकू लावून ती पदरात घ्यायचात. एकदा पदरात घेतली की हंगाम संपेपर्यंत तोंड बंद!

गोडाने तोंड बंद करतात ते असं. आमच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये कुणी पेढ्यांचा पुडा घेऊन आलं की मी समजायचे, याला रांग मोडायची आहे. तुमच्या वस्तीला हे इतकी वर्षं कसं कळलं नाही?

मी लग्न होऊन आले तेव्हाचं गुऱ्हाळ आठवतं का? बैल जाऊन इंजिन आलं होतं, पण काहिलीखालच्या चुलवाणात रस काढलेल्या उसाचं चिपाडच जळायचं. अंगणभर वाळत घातलेलं पांढरं चिपाड, आणि संध्याकाळी सगळ्या वस्तीवर उकळत्या रसाचा वास. मी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. गोठ्यात म्हशीला माझा धक्का लागला आणि तोंडातून ‘सॉरी’ निघून गेलं. तुम्ही शेणाच्या हातांनी पोट धरून हसलात. तेव्हापासून मी तुमची ‘म्याडम’ झाले, ती शेवटपर्यंत.

मग कधीतरी चिपाड विकलं जाऊ लागलं आणि चुलवाणात टायर आले. ट्रक भरभरून जुने टायर, फाटक्या चपला, प्लास्टिकचा कचरा. शहराला जे नको झालं ते आमच्या गुळाखाली! मी शनिवार-रविवारी नोकरीच्या गावाहून, शिरूरहून यायचे, तर न्हावरे सोडून नदी ओलांडली की एसटीच्या खिडकीतूनच कळायचं कुठे कुठे गूळ शिजतोय. आभाळात एकेक काळा खांब उभा असायचा.

तुमच्या कुरडयांवर काजळीचे ठिपके पडायचे. तुम्ही फुंकर मारायचात, पदराने पुसायचात आणि पुन्हा उन्हात सरकवायचात. मी चिडले की म्हणायचात, ‘गोडाच्या धंद्यात धूर असायचाच, म्याडम. धुराशिवाय का गूळ हुतो?’

होतो, अक्का! आपल्याच सासऱ्यांनी करून दाखवला होता. चिपाडालाही धूर असतो, नाही कोण म्हणतं? पण रबर जळताना जे निघतं त्याला धूर म्हणणं म्हणजे विषाला औषध म्हणणं.

तुमचा खोकला आधी थंडीचा होता. मग तो धुळीचा झाला, मग वयाचा झाला. गुऱ्हाळाचा मात्र तो कधीच झाला नाही. तुम्हाला जबरदस्तीने शिरूरला आणलं, डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि विचारलं, ‘आजी, विडी किती वर्षं ओढता?’ तुम्ही लाजून हसलात. मिश्री सोडून तुम्हाला कसलंही व्यसन नव्हतं. डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडाला धरला. छाती तर विडी ओढणाऱ्यासारखीच दिसत होती.

त्यांनी मग मला नीट समजावून सांगितलं. धुरातले जे कण डोळ्यांना दिसतात ते नाकात, घशात अडकतात. न दिसणारे थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. श्वासाच्या नळ्या सुजतात, आक्रसतात, हळूहळू हृदयावर भार येतो. लहान मुलांची फुप्फुसं वाढत असतात, त्यांचं नुकसान जास्त. आणि मग त्यांनी विचारलं, घरात स्वयंपाक कशावर होतो?

काय सांगू? तुमच्या मुलाने, दत्ताने, तुम्हाला गॅस आणून दिला होता. तुम्ही त्या सिलेंडरला क्रोशाचं झाकण विणलंत, वर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवलीत, आणि गॅस पेटवलात तो फक्त पाहुण्यांच्या चहाला. भाकरी चुलीवर, आंघोळीचं पाणी चुलीवर. बाहेर टायर आणि आत ओलं जळण! स्वतःला श्वास घ्यायला जागा तरी कुठली ठेवली होती तुम्ही?

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला तुम्ही माझ्याकडे राहिलात. दिवाळीनंतर पंधरवड्यातच तुम्ही शिरूरच्या बाजारात स्वतः भाजी निवडायला लागलात, भाजीवालीशी भांडलात, माझ्या गॅसवर भाकऱ्या भाजल्यात आणि ‘बऱ्या झाल्यात की’ असं कबूलही केलंत. मला वाटलं, आपण जिंकलो. मग दत्ताचा फोन आला की चुलवाण पेटलंय. तुम्ही त्याच दुपारी पिशवी भरायला घेतलीत. मी दार अडवून उभी राहिले, तर म्हणालात, ‘पहिली ढेप यायची, म्याडम. घ्यायला थोरलं माणूस दारात नको व्हय?’

एका ढेपेसाठी गेलात, अक्का. ढेप घेतलीत, आणि पौषात दौंडच्या हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनची नळी हातात धरून बसलात. माझ्याकडे असं बघत होतात की जसं काही मी फोन जोडून देणार होते आणि लाइनच मिळत नव्हती.

दहाव्याला जमलेले सगळे म्हणाले, वय झालं होतं. कुणी म्हणालं, माहेराकडून दमा असेल. धूर हा शब्द एकाच्याही तोंडून आला नाही. नाना ढसाढसा रडले. ते खोटं रडले नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुम्ही त्यांना लहानपणी न्हाऊमाखू घातलंत, त्यांच्या अंगावरचा पहिला सदरा तुम्ही शिवलात. म्हणून तर त्यांना कुणी काही बोललं नाही, आणि म्हणून तर तुम्ही गेलात.

यंदा मी दिवाळी होताच इथे येऊन बसले आहे. कारण तुमची नात. दत्ताच्या गौरीला या पावसाळ्यापासून दम्याचा पंप लागतो. पाच पावलं पळाली की छातीत शिट्टी वाजते. शाळेत लंगडीच्या खेळात तिला बसवून ठेवतात. डॉक्टरांनी दत्ताला स्पष्टच सांगितलंय की औषध आहे तेवढं देऊ, पण हवा आम्ही देऊ शकत नाही. दत्ता मान खाली घालून परत आला. चुलत्यापुढे बोलायचं कसं?

तर चुलत्यापुढे मी बोलले.

आज सकाळी नाना स्वतः आले. पितळेचं ताट, वर टॉवेल झाकलेला. मी दारातच उभी राहिले. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला दोन गोष्टी घोटून शिकवल्या होत्या, घेताना ‘थँक्यू’ म्हणावं आणि नको असेल तर ‘नो, थँक्यू’. आयुष्यभर लोकांना माझ्या तोंडी त्यातला पहिलाच शब्द आवडला. मी हात जोडले आणि म्हटलं, ‘नको, भावजी. आभारी आहे.’

त्यांना वाटलं, अजून तुमचं वर्ष सरलं नाही हे मी मनात धरलंय. म्हणाले, ‘वहिनी, हंगामाच्या तोंडाला ढेप माघारी धाडत न्हाईत. थोरल्या वहिनी असत्या तर…’

‘त्या असत्या तर मी इथे कशाला आले असते?’

मग टायरचा विषय निघालाच. ते म्हणाले, आपण काय एकटेच जाळत नाही, चौफुल्यापर्यंत सगळे जाळतात. चिपाड ओलं असतं, धग धरत नाही. फार तर चिमणी उंच करू. मी म्हटलं, चिमणी जरूर उंच करा, पण आधी टायर बंद. नाहीतर तोच धूर आमच्या डोक्यावरून पलीकडच्या वस्तीवर जाईल, आणि तिथेही कुणाची तरी अक्का असेल. चिपाड वाळवा, तुमचे वडील वाळवत होते तसं. चुलवाणाची भट्टी दुरुस्त करा, खालून वारा खेळता राहिला की धगही धरते आणि धूरही कमी होतो. शिवाय जळणावर नजर ठेवायला एक माणूस ठेवा, म्हणजे कुणी गुपचूप चपला टाकणार नाही.

ते ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांची नजर खिडकीतल्या पंपावर गेली होती.

‘थोरल्या वहिनींचा अजून ठिवलाय व्हय?’

‘नाही. हा गौरीचा आहे.’

अक्का, त्यांना माहीत नव्हतं! भिंतीला भिंत लागून घर, पण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर वाईट वाटेल म्हणून. तुमचाच धडा गिरवला सगळ्यांनी. ताट घेऊन ते माघारी वळले.

इतक्यात शेजारच्या सुलाबाई परसातून आल्या. नानांच्या मागोमाग निघालेल्या गड्याकडून त्यांनी नुकतीच ढेप घेतली होती. पदराखालून ती काढली आणि नानांच्या ताटात ठेवली. ‘माझ्याकडं साखर हाय, नाना,’ एवढंच म्हणाल्या आणि आल्या तशा गेल्या. सुलाबाई, ज्या तुमच्याही पुढे कधी मोठ्याने बोलल्या नाहीत! दुपारपर्यंत आणखी काही घरांतून ढेपा परत गेल्या. सगळ्या नाही. काहींनी घेतल्या, आणि माझ्याकडे पाहून दार लावलं. लावू देत. दार लावून धूर बाहेर राहत असता तर तुम्ही आज जिवंत असतात.

गुळाची गाडी भरलेली उभी आहे. शेजारातून परत आलेली ढेप घेऊन बाजाराला जायचं कसं, हे रीतीत कुठेच सांगितलेलं नाही. ज्या रीतीने तुमचं तोंड बंद केलं, तीच आज गाडीच्या चाकाला आडवी आली.

संध्याकाळी नानांनी दत्ताबरोबर निरोप धाडला. चिपाड उद्यापासून वाळत घालतो, पण आहे तेवढा टायरांचा ढीग जाळून संपवू द्या. मी उलट निरोप धाडला की ढीग संपेपर्यंत श्वास घेणं थांबवायला गौरीला जमत नाही. अजून उत्तर आलेलं नाही. चुलवाण विझलेलं आहे, एवढं मात्र इथून दिसतं.

पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध. तुम्हाला शब्द देते, त्या दिवशी क्रोशाचं झाकण काढून संपूर्ण स्वयंपाक तुमच्या गॅसवर करीन. पुरण मात्र घालीन ते चिपाडावर शिजलेल्या गुळाचंच. तोवर तसा गूळ दारात आला नाही, तर तुमच्या पानावर गोड नसेल. मग कावळा शिवला नाही तरी मी दर्भाचा कावळा करू देणार नाही. लोक म्हणतील, अक्कांची काहीतरी इच्छा राहिली. मी त्या सगळ्यांसमोर म्हणेन, हो, राहिली आहे. त्यांना श्वास घ्यायचा होता.

तुमची,
म्याडम