हजेरी खोलीतल्या संगणकाला सोमवारी तार जोडण्यापूर्वी

प्रति,
मा. प्रशासक,
सिगार कारखाना 'एल सिन्सोन्ते',
सान हासिंतो दे आरिबा, पिनार देल रिओ.

विषय : हजेरी खोलीतील संगणकाला इंटरनेटची तार जोडण्यापूर्वी मला दहा मिनिटे मिळण्याबाबत.
संदर्भ : माझे दि. १७, १९ व २४ ऑक्टोबरचे अर्ज आणि त्यांवरची आपली उत्तरे.

आदरणीय प्रशासक साहेब,

१. मी नेरेइदा किआला, गेली तेवीस वर्षे सिगार वळण्याच्या दालनात कामगारांना ते काम करत असताना माइकवरून वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून दाखवते. त्यांच्याच आठवणींचे पुस्तक मी घरच्या जुन्या संगणकावर आणि आपल्या परवानगीने, जेवणाच्या सुट्टीत, हजेरी खोलीतल्या संगणकावर लिहिते. लिहिण्याचा प्रोग्राम प्रत्येक प्रकरण वेगळे ठेवतो आणि तार जोडली की दोन्हीकडच्या प्रती सारख्या करतो. ज्या प्रतीची तारीख नंतरची, ती खरी. आत काय आहे ते तो बघत नाही.

२. दि. ९ रोजी घरी प्रोग्राम उघडा असताना आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. एकोणिसाव्या प्रकरणाचे तेव्हा फक्त नाव लिहिले होते. दि. १० ते १२ वळण दालनातले जुने कामगार हिपोलितो बोरेगो यांनी ते प्रकरण मला हजेरी खोलीत तोंडी सांगितले. "माझ्या शब्दाला हात लावशील तर बघ, पोरी," असा दमही दिला. तिथली तार मासिक अहवालापुरतीच जोडतात, तेव्हा ती काढलेलीच होती, त्यामुळे मजकूर त्या एकाच यंत्रात राहिला. दि. १४ रोजी घरी वीज आली. वीज येताच अख्खी गल्ली करते तेच माझ्या आईने केले : पंखा, भाताचे भांडे, पाण्याची मोटर आणि संगणक, सगळे एकदम सुरू. "म्हटलं, तुला आयता मिळेल," असे ती म्हणते. उघडा राहिलेला प्रोग्राम आपोआप पुन्हा सुरू झाला, त्याने रिकामे प्रकरण त्या दिवसाच्या तारखेने जतन केले आणि इंटरनेटवर पाठवून दिले. आता हजेरी खोलीत तार जोडली, की रिकामे येईल आणि भरलेले जाईल.

३. दि. १५ रोजी हिपोलितो वारले. दि. १६ रोजी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून विषाणू शिरला म्हणून आपण ती खोली बंद केली. प्रती जुळवणे थांबवायला लागणारा पासवर्ड तंत्रज्ञाकडे होता. तंत्रज्ञ जूनमध्ये देश सोडून गेले, पासवर्डही गेला.

४. माझ्या पहिल्या अर्जावर उत्तर आले, की जो मजकूर वाचवायचा त्याची छापील प्रत जोडावी. छापता आला असता तर मी अर्ज कशाला केला असता, साहेब? दुसऱ्यावर, सांगणाऱ्याची लेखी संमती आणावी. तिसऱ्यावर, सोमवारी सकाळी आठला मासिक अहवालासाठी तार जोडली जाईल, याची नोंद घ्यावी. हजेरीची युस्मारी म्हणते, "बाई, तुम्हाला गोष्ट पाठ असेलच की, लिहा पुन्हा." गोष्ट मला येते. पण मी लिहिली तर ती माझ्या तोंडची होईल.

५. त्या प्रकरणात काय आहे ते आता सांगणे भाग आहे. हिपोलितो बेचाळीस वर्षे बेनिता पुपोच्या शेजारच्या मेजावर बसले आणि तिला जे कधी बोलले नाहीत, ते त्यात आहे. त्यांच्या माघारी ते दालनात वाचायचे, असे मी कबूल केले आहे. बेनिता रोज सकाळी विचारते, "काय गं, त्या म्हाताऱ्याचं कधी वाचणार? मला शिव्या घातल्यात का त्यानं?" मी म्हणते, अर्ज केलाय.

६. म्हणून मागणी कमी करते. पेन ड्राइव्ह नको, कागद नको, प्रतही नको. सोमवारी साडेसातला खोली उघडावी. माइकची वायर तिथपर्यंत पोहोचते, मी मोजून पाहिली आहे. युस्मारीने माझ्या हातांवर लक्ष ठेवावे. मी पडद्यावरून एकोणिसावे प्रकरण एकदा वाचीन. दालनात चौऱ्याण्णव माणसे असतील, पाचव्या मेजावर बेनिता असेल. तिने ऐकले, की आठ वाजता आपण खुशाल तार जोडावी.

सोमवारी सात वाजल्यापासून खोलीच्या दाराशी उभी असणारी,
नेरेइदा किआला मातोस
वाचक, वळण दालन
दि. २७ ऑक्टोबर २०२३

सोबत :
१. आधीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या.
२. हिपोलितो बोरेगो यांचा मृत्यूचा दाखला (संमतीऐवजी).
३. एकोणिसाव्या प्रकरणाची छापील प्रत : जोडलेली नाही.