ठिपकीची पाठ

१४ मार्च, शनिवार. सकाळी ७
किळस आली. नऊपैकी आठ कोंबड्या मिळून ठिपकीला टोचतात. पाठीवरची पिसं गेली, शेपटीजवळ रक्त. रक्त दिसलं की बाकीच्या पळत येऊन नेमक्या तिथंच चोच मारतात. चहा अर्धा ओतून दिला.
हरणा म्हणाली, "जागा कमी पडायली त्यांना. खुराडं मोठं करा." बायको आहे, कोंबड्या-मेंढरांत वाढलेली, म्हणून ऐकून घेतलं. खुराडं मी स्वतः जुन्या लोखंडी कपाटाचं बनवलंय. डिझाइन उत्तम आहे. प्रश्न जागेचा नाही, शिस्तीचा आहे. लोहाऱ्यात एकवीस वर्षं हेडमास्तर होतो. वर्गातली दादागिरी दोन दिवसांत मोडायचो. कोंबड्यांना तीन देऊ.

१५ मार्च
म्होरकी सापडली. काळी. वेताच्या डालग्याखाली कोंडली.
तासाभरात तांबडी टोचायला लागली. तीही डालग्याखाली. मग पांढरी. शेजारच्या सिद्धम्मांकडं आणखी डालगी मागितली. म्हणाल्या, "सर, सगळ्याच कोंडल्यावर मोकळी कोण ऱ्हाणार?"
प्रशासन सगळ्यांना कळत नाही.

१६ मार्च
ठिपकीला धरलं. सदऱ्यावर घाण केली. काय तो वास! तरी कर्तव्य पार पाडलं. फर्स्ट एडच्या डब्यात लाल औषध होतं, ते भरपूर चोपडून सोडली.
डालग्यांतल्या तिघी सकाळीच सोडल्या होत्या. आठहीजणी तुटून पडल्या. हरणानं बोंबलत येऊन तिला पदरात उचललं.
जनावरांचे डॉक्टर राजशेखर म्हणाले, "सर, लाल दिसलं की त्यांना रक्तच वाटतं. जखम भरेपर्यंत वेगळी ठेवा. अन् खुराडं मोठं करा."
म्हणजे औषधाचा निर्णय बरोबर होता. फक्त रंग चुकला.

२१ मार्च. दुपारी १
पाच दिवस ठिपकी स्वयंपाकघरात, टोपलीत. हरणा हातानं भाकरीचा चुरा चारते. शेजारीच माझं ताट. घास उतरत नाही.
हरणा आज नळदुर्गला बहिणीकडं गेली. जाताना दोनदा बजावलं, "तिला सोडू नगा."
पण खपली धरलीय. एकटं ठेवलेलं लेकरू बुजरं होतं, हे मी शाळेत पाहिलंय. खुराड्यात सोडून दार लावलं. अर्ध्या तासात समेट होईल. तोवर जरा पडतो.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५
जरा जास्तच डोळा लागला.
ठिपकी कोपऱ्यात डोकं खुपसून बसलेली. खपली गेली. कातडं फाटून आतलं मांस दिसतंय. परसात जाऊन ओकलो.
हरणा आली. ठिपकीला मांडीवर घेऊन जखम धुतली. मग तोंड फिरवून रडली. ठिपकी हरणाच्या आईनं दिलेल्या अंड्यातली. आई मागच्या वर्षी गेल्या.
कपाटाचं दार उघडं ठेवायला हवं होतं, एवढीच त्रुटी.

२५ मार्च
हरणा बोलत नाही. वेल्डर बब्रुवानला बोलावून तिनं कपाट तोडायला लावलं. निम्म्या परसाला जाळी मारली. दाण्याला चार भांडी, टोचायला मेथीच्या जुड्या टांगलेल्या. मी खुर्ची टाकून सुपरविजन केलं. माझ्या डोक्यात साधारण असंच होतं.

१९ एप्रिल, रविवार
टोचाटोची बंद. ठिपकीच्या पाठीवर पिसांचे कोंब आलेत. आज हरणानं तिला जाळीत सोडलं. कुणी चोच मारली नाही. शिस्त लागायला वेळ जातो.
जाळीला कुलूप आहे. किल्ली हरणाकडं. मी मागितली. "तुमी भायेरूनच बघा," म्हणाली. बऱ्याच दिवसांनी बोलली, म्हणून वाद घातला नाही.
मूठभर ज्वारी घेऊन गेलो. ठिपकी आठजणींबरोबर मेथी खात होती. मी हाक मारली. तिनं मान वर केली, मला पाहिलं, आणि पळत जाऊन काळीच्या अन् तांबडीच्या मधी घुसून बसली.
ज्वारी जाळीतून आत टाकली. मी तिथनं हलेपर्यंत ती उठली नाही.