काटकोनाच्या पुढे

४ जानेवारी

ऑपरेशनला साडेतीन तास लागले. दोन सांगितले होते. बाकावर बसून नखं कुरतडली – पन्नाशी उलटलेला शिंपी मी, आणि हे चाळे.

डॉक्टर बाहेर आले. आमच्या पोरीच्या, टिटवीच्या, गुडघ्यातल्या तुटलेल्या लिगामेंटच्या जागी नवं घातलं म्हणाले. पण आत कॅमेरा गेल्यावर दिसलं की सांध्यातली गादीही फाटलीय. "फाटका भाग कापून टाकला असता तर लवकर चालली असती. पण गादी गेली की हाडावर हाड घासतं. म्हणून शिवली. चार टाके."

मी म्हटलं, माझाही धंदा तोच. ते हसले. "मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं? सहा आठवडे पाय टेकायचा नाही, गुडघा काटकोनापुढे वाकवायचा नाही. ही शिवण ओढून बघायची नसते." मी मान डोलावली.

९ जानेवारी

पोरगी घरी आली. दोन कुबड्या, पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा. लांब टांगांची म्हणून लहानपणीच टिटवी नाव पडलं. अडथळ्यांच्या शर्यतीत तिला मागे टाकणारी अजून जन्माला यायचीय, असं मी गिऱ्हाइकांना ऐकवत असतो. पुढच्या वर्षी निवड चाचणी आहे. भिंतीवर तारीख लिहून ठेवली.

बायको म्हणाली, "आधी मोरीपर्यंत तरी नीट जाऊ दे तिला."

२४ जानेवारी

व्यायाम शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. गुडघा सत्तर अंशांवर अडतोय. "होईल हळूहळू," म्हणाल्या. हळूहळू! माझ्या आक्काचा पायही हळूहळूच होणार होता. प्लास्टर निघालं तेव्हा काठीसारखा ताठ. मरेपर्यंत तसाच ओढत नेला तिने. बाई बोलत होत्या आणि मला तोच पाय दिसत होता. फार भीती वाटली.

२७ जानेवारी

बायको बाजारात गेली होती. दुपारी दुकान बंद करून वर आलो, टिटवीचा पट्टा सोडला.

"बाबा, बाईंना विचारू या का?"

म्हटलं, "तीस वर्षं शिवतोय. ताणल्याशिवाय शिवण कळते का?" टाच हातात धरली, बेताबेताने मागे नेली. तिने डोळे मिटले. दुकानातली काटकोनी पट्टी लावून बघितली – पुढे गेला! काटकोनाच्या चांगला दोन बोटं पुढे! मी टाळ्या वाजवल्या. टिटवी हसली. जरा पांढरी पडली होती, पण हसली.

संध्याकाळी मशीनवर बसून गुणगुणत होतो. किती दिवसांनी.

३१ जानेवारी

सूज. बर्फ. बायकोला काही बोललो नाही.

८ फेब्रुवारी

सकाळी गुडघा अडकला. सरळ होईना, वाकेना. उचलून दवाखान्यात नेलं. फोटो काढले. टाके तुटलेत, गादीचा तुकडा सांध्यात अडकलाय.

"मध्ये काही झालं होतं?" डॉक्टरांनी मलाच विचारलं.

"मोरीत पाय घसरला," टिटवी म्हणाली.

मी ऐकत उभा राहिलो. माझ्यासाठी पोर खोटं बोलली आणि मी बोलू दिलं. याहून खाली माणूस काय जाणार?

१२ फेब्रुवारी

तुकडा काढून टाकला. पुन्हा शिवण्यासारखं कापडच उरलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले – मला कळावं म्हणून माझ्या भाषेत. चालेल, जिने चढेल. अडथळ्यांवरून उड्या मात्र विसरायच्या.

घरी आल्यावर टिटवी म्हणाली, "आई, माझे धावायचे बूट कुणाला होतील का बघ."

१३ फेब्रुवारी

एकटाच डॉक्टरांकडे गेलो. सगळं सांगितलं, पट्टीसकट. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "टाके कधीकधी असेही सुटतात." भला माणूस. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

भिंतीवरची तारीख खरवडून काढली. दिसतेच अजून.

१५ फेब्रुवारी

आज टिटवीसमोर बसलो. म्हटलं, बाळा, त्या दुपारी मला कळलंच नाही गं.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "आत कट्‌कन आवाज आला. पण तुम्ही टाळ्या वाजवत होता."