रुळाची खांदशेकनी

५ ऑगस्ट ६२, रविवार

बारा फोटो, बारा बी वाया. स्टुडिओवाल्या अण्णानं रोल धुतला आन् वल्ला असताच मले अंधाऱ्या खोलीत बलावलं. "दामू, हे पाह्य. हे गाडी, हा घाट. आन् हे खाली कोन झोपलं?" माही सावली. बाराच्या बारात, टोपीसकट. ऊन पाठीशी घे, हे अण्णानंच शिकोलं. ऊन पाठीशी घेतलं का सावली म्होरं पडते, हे नाही शिकोलं. म्हने, "टोपी तरी काढत जाय बे."

टोपी नाही काढत. जंगलाचा सायेब बदलून गेला तवा टाकून गेलता, तवापासून माही. घाटात सारे टोपीवाला म्हनतात. मॅट्रिक दोनदा गचकलो, पन टोपीत सायेब दिसतो.

१२ ऑगस्ट, रवि.

दारव्ह्याकडून येनारी चारची गाडी. घाटात इतकी हळू चढते का मानूस उतरून करटुले तोडून पुन्हा चढते. आज डब्यात एक पागोट्याचे आजोबा होते. टोपी नीट केली आन् म्हटलं, "आजोबा, इथून उतरून ढकला लागते. तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलं हाय." आजोबानं तिकीट डोयापाशी नेलं, उलटंच, आन् उतरले. त्यायचं पाहून आनखी चार जन. खरंच ढकलू लागले बाप्पा! एक बाई वरून म्हने, "जोर लावा ना व, जेवले नाही काय?" फो. घेतला, पन हसता हसता डबा हालला. वासू तं गवतात लोयला.

वासू माह्या वर्गातला, कास्तकाराचा पोरगा. दिवाळी झाली का माह्या बहिनीशी, कमीशी, त्याचं लगन. माय म्हनते, आता जवाई होऊन राह्यला तो, त्याले घेऊन उनाडू नको. पाहू.

१९ ऑगस्ट, रवि.

अण्णाकडं छापखान्यावाला आलता. दिवाळीच्या कॅलेंडरले घाटातल्या गाडीचा फोटो पाह्यजे. "धूर पाह्यजे. काया. झाडाच्या वर गेलेला." खाली नाव छापतीन, छायाचित्रकार दामोदर. आडनाव लावू का नको, अजून ठरलं नाही.

पन गाडी धूर देत नाही. पांढरी वाफ आन् उसासे. उस्मानभाई म्हनला, "चाकं घसरल्याबिगर काला धुवां नाही निकलत, टोपीवाले." हा इंजिनाच्या म्होरच्या फळीवर रेतीची बालटी घेऊन बसते. चाक घसरलं का खाली उतरते, रुळावर रेती टाकत म्होरं चालते, मांगून इंजिन. त्याले बी एक फोटो पाह्यजे, अकोल्याले मायले धाडाले. "लेकिन बालटी नको दिसाले हां. अम्मीले मी डायवर हाय म्हनून सांगेल हाय."

रोल संपला होता. म्हटलं, पुढल्या खेपेले, पक्कं.

२६ ऑगस्ट, रवि.

पानी. फोटो नाही. परसरामकाकाच्या झोपडीत बसून राह्यलो. तो घाटातला चावीवाला. गाडीच्या आंधी हातोडी घेऊन रूळ ठोकत, पाहत जाते. मूळचा तांड्यावरचा. दोन बैल बी हायेत त्याचे. चांदीबाईनं, त्याच्या बायकोनं, कोरा चहा देल्ला. काका म्हने, "बापू, मंगयवारी माह्या बैलायची खांदशेकनी. मी दुपारीच आटपून घेतो, मंग ड्यूटीवर. येजो."

घरी येताना डोक्यात आलं. बैल नांगर ओढते, तं पोयाच्या आदल्या दिवशी त्याच्या खांद्याले हयद-लोनी चोयतात. इंजिन वर्षभर घाट ओढते, त्याले कोन पुसते? वासूले सांगतलं. म्हने, "इंजिनाचा खांदा कोठी असते बे?" म्हटलं, "रुळावर." तो हसत राह्यला. मले मातर धूर दिसून राह्यला होता.

२८ ऑगस्ट, मंगळ.

ऊन पडलं. वासूनं घरून बैलायची हयद-लोनी आनली, जर्मनचं भगुनं भरून. काका रूळ पाहून वर निघून गेला. हातोडीचा आवाज बंद झाला तवा आमी खाली उतरलो. वळनावर, जिथं चढ सगळ्यात खडा. वासू पयसाच्या पानानं रूळ चोपडत जाय, आन् बैलाच्या कानात म्हनतात तसं रुळाले म्हने, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्याचा फो. घेतला. अकरावा. एक राह्यला गाडीसाठी.

गाडी आली. चाकं घसरले. धूर निघाला, असा का

नाही लिहीत.

२९ ऑगस्ट, बुध. पोया.

बैल निघाले गावात, झुला, बेगड, वाजंत्री. वासूच्या घरी गेलो नाही. तो बी आला नाही. मायनं पुरन वाढलं, पिवयं. उठून गेलो. कमी म्हने, "दादा, ताप हाय काय?"

उस्मानभाईचा पाय गेला. मांडीपासून. दवाखान्यात हाय.

३१ ऑगस्ट, शुक्र.

रेल्वेचे मोठे सायेब आलते. लोकायच्या मांगं उभा राहून पाह्यलं. सायबानं बोटानं रूळ पुसला, वास घेतला, रुमालाले बोट पुसलं. मंग सीधा परसरामकाकाच्या झोपडीत. चुलीमांगं त्याच्याच घरचं भगुनं, बुडाशी हयद-लोनी, पयसाचे पानं. काका म्हने, "सायेब, ते बैलायचं." सायेब म्हने, "आन् रुळावरचं कोनाचं?" काका आपले हात पाहत राह्यला.

शिपायानं नेलं. चांदीबाई गाडीरस्त्यालोक मांगं मांगं चालत गेली.

मी टोपी काखेत धरून उभा होतो.

३ सप्टें., सोम.

उस्मानभाई गेला. सकाऊन.

अकोल्याहून त्याची माय आलती. दवाखान्याच्या पायरीवर बसली. येनाऱ्या-जानाऱ्याले एकच पुसे, "मेरा बेटा तो डायवर था. गाडीके आगे कायकू गया?"

कोनी सांगतलं नाही. मी बी नाही.

६ सप्टें., गुरु.

आता लिहितो. कॅमेरा अण्णाचा, तवा रोल त्याच्याच हाती गेला. त्यानं धुतला. पाकीट माह्या हाती देल्लं. "तुयं हाय. मी काही पाह्यलं नाही." दारातून वापस वळला. "यात बी सावली हाय तुयी."

फो. ११. उजव्या कडेले वासू, वाकलेला, हाती पान, दात दिसून राह्यले. मधात रूळ. हयद फोटोत पिवयी दिसत नाही, पांढरी चकाकते. लाकडी स्लीपरवर भगुनं. खालून माही सावली, टोपीचं टोक भगुन्याले लागलेलं.

फो. १२. चाकं जाग्यावरच फिरून राह्यले होते. धूर निघाला, काया, झाडाच्या वर, कॅलेंडरसारखा. उस्मानभाई उतरला, बालटी घेऊन रेती टाकत म्होरं आला. मी वरच्या दगडावरून हाक मारली, "उस्मानभाई! इकडं पाह्य!" त्यानं पाह्यलं. हसला. बालटी पाठीमांगं लपोली. दुसऱ्या हातानं आपली टोपी सरळ केली. उभा राह्यला, फोटोसाठी. मांगं चाकाखाली रेती आलती. चाकानं रूळ धरला, इंजिन झटक्यानं म्होरं आलं. तो सरकाले गेला, तं पाय चोपडल्या रुळावर.

फो. चांगला आला हाय. बालटी दिसत नाही.

१० सप्टें., सोम.

चांदीबाई स्टुडिओत आली. कधी आत आली नव्हती, दारातच चपला काढल्या. म्हने, "बापू, तू तं रोज घाटात रायतं. तुह्या फोटोच्या डब्यात काही आलं काय त्या दिसाचं? कोन आलतं, कोन गेलतं?"

म्हटलं, "रोल खराब झाला, काकी."

"समदाच?"

"समदा."

तिनं मान हालोली. जाताना म्हने, "उपाशी दिसतं तू. खाऊन घेत जाय." अण्णा भितीकडं तोंड करून काचा पुसत होता. ती गेल्यावर बी पुसतच राह्यला, तेच ते काच.

१५ सप्टें., शनि.

आता पुरं नाव लिहीत नाही. व. आलता. मयाच्या बांधावर बसलो. त्याले अकराव्याचं माहीत हाय, त्यानंच दात काढले होते त्यात.

"जायून टाक."

"बाराव्याचं काय करू?"

"दोनी जाय. दामू, मी तुले म्हटलं होतं काय रूळ चोपडू? तुयं डोकसं होतं ते."

खरं हाय.

"फोटोत कोन दिसते पन? मी. तू नाही. फोटो काढनारा दिसत असते काय? कमीले काय सांगसीन?"

मंग रडला. शाळेत मास्तरच्या खुर्चीवर खाजकुयरी टाकली तवा मार त्यानं एकट्यानं खाल्ला होता, माहं नाव घेतलं नाही. त्याची आठवन त्यानं देल्ली नाही. देल्ली असती तं बरं झालं असतं.

घरी माय लगनाची हयद कुटून राह्यली. कमी चायून देते. मी बाहीर निजतो.

२० सप्टें., गुरु.

परसरामकाका जामिनावर सुटला. झोपडी खाली करा लागली, आता तांड्यावर हाय. गेलतो. कायले गेलो, मले बी समजलं नाही. बैलायच्या म्होरं बसला होता. खांद्याची हयद अजून थोडी थोडी दिसते.

म्हने, "बापू, सोमवारी सायबाच्या बंगल्यावर चौकशी हाय. म्या कबूल करून टाकतो."

"काय कबूल करता काका? तुमी केलंच नाही."

"तुले काय माहीत?" माह्याकडं पाह्यलं. पन त्याचं मन दुसरीकडंच होतं. आपले तयहात पाहून राह्यला होता. "बैलायचे खांदे शेकले, आन् तसाच ड्यूटीवर निंगालो. हात कोठी धुतले, कोठी पुसले, आठवते काय मले? इतक्या वर्साची नौकरी, रूळ दिसला का हात लावाची आदत हाय. लावला असन. सायेब शिकेल मानूस हाय, तो म्हनते तं असन. उस्मान माह्या घरी चहा प्याचा, बापू. निजलो का दिसते."

म्हटलं, "काका, एवढं लोनी हाताले रायते काय? वळनभर चोपडलं होतं."

"तुले कसं माहीत, वळनभर?"

"लोक म्हनतात."

चांदीबाईनं भाकर वाढली. खाल्ली. लाज नावाची चीज नाही मले.

२३ सप्टें., रवि.

अण्णाले म्हटलं, मले एक फोटो मोठा कराचा हाय. त्यानं पुसलं नाही कोनता. "मी चहा प्याले जातो. लाल दिवा लावजो. पानी बदलजो." तीन घंटे आला नाही. एवढा चहा कोन पेते.

अकरावा केला. कागदावर पहिले टोपी उमटली. मंग रूळ. व. सर्वात शेवटी, हसत.

कागद वायला. पट्टी धरून ब्लेड लावली. व.चं तोंड गेलं, खांदा गेला. हात राह्यला होता, बोटात आंगठी, आमच्या घरून घातलेली. तो बी कापला. उरलं काय तं रूळ, भगुनं, आन् भगुन्याले टेकलेली टोपीची सावली. आता पाह्यनाऱ्याले वाटन भगुनं त्या सावलीनंच ठेवलं.

तसं खोटं बी नाही ते.

कापलेली पट्टी आन् अकराव्याची निगेटिव्ह पाकिटात घालून व.च्या घरी गेलो. तो दारात आला. हाती देल्ली. म्हटलं, "जायाची तं जाय. ठेवाची तं ठेव." त्यानं पुसलं, "आन् तू?" म्हटलं, "मी बंगल्यावर जाऊन राह्यलो."

बाराव्याची माह्यापाशीच हाय. ते कोनाले देऊ? अकोल्याले धाडाचं कबूल केलं होतं.

मायले काही सांगतलं नाही. कमीनं पान्याचा गडवा देल्ला तं तिच्या बोटाले हयद. पानी पेलो.

२४ सप्टें., सोम.

बंगल्याच्या वऱ्हांड्यात, बाकावर. पेन्सिलीनं लिहून राह्यलो. मांडीवर कापलेला अकरावा.

परसरामकाका आत गेला. धुतलेलं धोतर, हात इतके घासले का लाल झाले. चांदीबाई चिंचेखाली बसली हाय. मले पाहून तिनं मान हालोली, आला ते बरं केलं, अशी. काकाच्या बाजूनं आलो समजते ते.

आतून आवाज येतात. सायेब काहीतरी पुसते. काका म्हनते, "असन सायेब." पुन्हा पुसते. "असन."

रस्त्यानं पाह्यतो, व. येते काय. सायकल गेली एक, तो नव्हता.

शिपाई आला. "तू कोन? कायले आला?"

म्हटलं, "टोपीवाला. सायबाले भेटाचं हाय, आत्ताच, काकाचं लिहून घ्याच्या आंधी."

"मंग टोपी काढ. सायबाम्होरं टोपी घालून जात असतात काय?"

म्हटलं, "आज टोपी घालूनच जा लागते."

तो म्हने, "काहून?" मी फोटोतल्या सावलीवर बोट ठेवलं.